बाबांच्या खांद्यावरची बॅटरी

नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होता. तिथून त्यानं एका सहकाऱ्याच्या हाती डिजिटल कॅमेरा पाठवला. तेव्हा हैदराबादेत दर दुसऱ्या घरी अमेरिकेहून काही ना काही येत होतं, त्यामुळे जामबागेतल्या आमच्या घरी त्याचं फार कौतुक झालं नाही. घरात आम्ही तिघंच होतो: मी, सासरे आणि सासऱ्यांची थोरली बहीण. तिला सगळे आत्या म्हणत.

सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्या असेपर्यंत सासरे मला जे सांगायचं ते त्यांच्याकरवी सांगत. त्या गेल्यावर तो रस्ता बंद झाला आणि दुसरा आम्ही कोणी शोधला नाही. "सूनबाई, चहा", "सूनबाई, गॅसवाला आलाय", एवढ्यावर दिवस जात. वैर नव्हतं, विषय नव्हता.

आत्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि नेमकी त्याच आठवड्यात कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होईना. चपटी, काड्यापेटीपेक्षा लहान बॅटरी एका बाजूनं फुगली होती. मी शिकवत होते ती शाळा सुटल्यावर मी ती घेऊन कोठीच्या बाजारात एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. "मॅडम, ये मॉडल की बॅटरी इधर नै मिलती. बाहर से मंगाना पडता."

संध्याकाळी चहा देताना मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, म्हटलं, "आत्यांचे फोटो काढता येणार नाहीत. बॅटरी गेली."

बाबा कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा बदलला आणि बॅटरीवरचं बारीक छापलेलं वाचलं. "तीन पूर्णांक सात व्होल्ट. एवढंच ना?"

दोन दिवस ते मागच्या व्हरांड्यात बसून होते. लाकडाचा एक तुकडा तासून, कानशीनं घासून त्यांनी अगदी बॅटरीच्या मापाचा केला. त्याला पितळेच्या दोन पट्ट्या ठोकल्या आणि पट्ट्यांना वायर जोडली. कॅमेऱ्याचं झाकण वायरसकट बंद व्हायला हवं म्हणून त्याच्या कडेला खाच पाडली. ती पाडण्याआधी मात्र मला विचारलं. पहिल्यांदा रिमोटमधले दोन आणि घड्याळातला एक असे तीन सेल लावले. लेन्स बाहेर आली, कुरकुरली आणि तिथेच थांबली.

"करंट पुरत नाही," बाबा म्हणाले आणि मोठ्या टॉर्चचे सेल घेऊन आले.

"बाबा, जास्त होऊन कॅमेरा जळला तर?"

"तसाही बंदच आहे."

जळला नाही. तीन जाडजूड सेल सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात घट्ट बसवून त्यांनी भाजीच्या कापडी पिशवीत ठेवले. वायर हातभरच होती. समारंभाच्या दिवशी पिशवी बाबांनी खांद्याला अडकवली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. मी जाईन तिकडे त्यांना यावं लागे. औक्षणाच्या वेळी मी पाटाजवळ बसले, तर तेही गुडघे धरत शेजारी बसले. मी खुर्चीवर चढले, तेव्हा ते पिशवी हातात उंच धरून उभे राहिले. चालताना आमची पावलं सुरुवातीला जुळत नव्हती. मग बाबा हळू आवाजात सांगू लागले, "डावीकडून घे. खिडकी मागे येतेय." थोड्या वेळानं मीही सांगू लागले, "बाबा, एक पाऊल मागे." त्या सकाळी आम्ही वर्षभरात बोललो नव्हतो तेवढं बोललो असू. सगळं फोटोंबद्दलच.

जेवणाआधी आत्यांच्या लक्षात आलं. नऊवारी सावरत त्या भावाला म्हणाल्या, "अरे, एकाही फोटोत तू नाहीस. ती पिशवी तिच्या खांद्याला दे की. तिला कशाला बांधून घेतलंयस?"

"सेल हलले तर कॅमेरा बंद पडतो," बाबा म्हणाले.

"पडू दे. इकडे ये."

त्यांनी पिशवी काढून माझ्या खांद्याला अडकवली आणि बहिणीशेजारी जाऊन ताठ उभे राहिले. मी फोटो काढला. कॅमेरा बंद पडला नाही. पिशवी जड होती, पण एकटीला सहज पेलत होती. हे मला कळलं आणि त्यांनाही कळलं असावं. पाहुणे पंगतीकडे वळले तसे बाबा माझ्याजवळ आले आणि पिशवी माझ्या खांद्यावरून उतरवून त्यांनी आपल्या खांद्याला लावली. मी वायर सोडवून धरली. पंगतीचे फोटो आम्ही दोघांनी मिळून काढले.

फोटो मी इंटरनेट कॅफेतून नवऱ्याला पाठवले. त्यानं फोनवर विचारलं, "बाबा एकाच फोटोत कसे?"

"ते बॅटरी धरून उभे होते."

"सगळा वेळ?"

"हो."

नवी बॅटरी त्यानं पुढे कुणाबरोबर तरी पाठवली. बाबांनीच ती बसवली, झाकण दोनदा उघडून लावून पाहिलं आणि कॅमेरा मला दिला. त्या दिवशी घरात काढण्यासारखं काही नव्हतं. बाबा पेपर उघडून बसले होते, म्हणून मी त्यांचाच फोटो काढला.

"खिडकी मागे आली असेल," पेपरातून मान वर न करता ते म्हणाले.

आली होती. मी डावीकडे सरकले आणि दुसरा काढला.