विहिरीचं पाणी आणि खर्डे सरांचा फळा

हिंगणखेडच्या हायस्कुलात दोन नाथ होते. मुख्याध्यापक कानिफनाथ वाबळे आणि शास्त्राचे शिक्षक गहिनीनाथ खर्डे. गावातली म्हातारी माणसं म्हणायची, शाळेवर नाथांची कृपा हाय. प्रत्यक्षात या दोन नाथांचं एकमेकांशी फारसं पटत नसे. वाबळे सरांना शाळा दिसायला चांगली हवी होती आणि खर्डे सरांना ती बरोबर हवी होती.

खर्डे सर मूळचे अकोले तालुक्यातल्या डोंगरातले. भाताच्या खाचरातून उठून नगरला बी.एस्सी. करून आलेला हा उंच, वाळका माणूस स्वभावाने गरीब, पण रसायनशास्त्राचा विषय निघाला की अंगात आल्यासारखा करी. सिल्व्हर नायट्रेट हाताळून त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायमची काळी झाली होती. लग्न ठरवताना मुलीच्या मामाने ती बोटं बघून, "पोरगा चांगला हाय, पन ह्ये काय, कुठला रोग?" असं विचारलं. तेव्हा खर्डे सरांनी त्याला प्रकाशाने चांदी कशी काळी पडते ते पाऊण तास समजावून सांगितलं. मामा मध्येच उठून गेला. मुलीने मात्र, म्हणजे रतनबाईंनी, आतून ऐकून होकार दिला. एवढं बोलणारा माणूस मारकुटा नसणार, असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर निघाला.

घरी त्यांचा जाच वेगळाच. रतनबाई पीठ मळायला बसल्या की हे विचारणार, "पाणी किती घातलं? पीठ किती होतं? मग भाकरीचं वजन किती भरायला पाहिजे?" रतनबाई म्हणायच्या, "तुम्ही खा, मग मी तुमचंच वजन करते." जगात काही नाहीसं होत नाही आणि काही फुकट येत नाही, डावीकडे जेवढे अणू तेवढे उजवीकडे, हा त्यांचा देव्हारा होता. गणपतीपुढे हात जोडतानाही त्यांच्या मनात समीकरणाचा बाण असावा, अशी आम्हा गावकऱ्यांना शंका होती.

वर्गात त्यांची एक रीत होती. कुठलीही दोन द्रावणं एकत्र करायच्या आधी फळ्यावर लिहायचं की काय होणार. साका पडणार की नाही, पडला तर कुठल्या रंगाचा, समीकरणाचा तोल साधला की नाही. पुस्तकात साक्याला अवक्षेप असा भारदस्त शब्द होता, पण नळीच्या तळाशी बसतो तो साका, हे पोरांना पटायचं. मग सर नळीत ओतायचे. ज्याचं भाकीत चुकेल त्याने सगळ्या परीक्षानळ्या धुवायच्या. हा नियम सरांनाही लागू होता, पण त्यांच्यावर ती पाळी कधी आली नव्हती.

त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत प्रयोगशाळेची तपासणी ठरली. मान्यता मिळाली तर नववी-दहावीला शास्त्र गावात राहणार होतं. नाही मिळाली तर पोरांना कोल्हारला नाहीतर कोपरगावला जावं लागणार होतं. पोरं जातील, पोरी घरी बसतील, हे कुणी सांगायची गरज नव्हती. खर्डे सर अजून तात्पुरतेच होते, तेव्हा प्रयोगशाळेबरोबर तेही जाणार हेही उघडच होतं.

साल दुष्काळाचं. विहिरी तळाला गेल्या होत्या. शाळेच्या विहिरीचं पाणी आधीच खारवट, त्यात आता एवढं घट्ट झालेलं की चहात दूध टाकलं की दुधाला विचार पडे. प्रयोगाला लागणारं शुद्ध पाणी, म्हणजे लोक ज्याला बॅटरीचं पाणी म्हणतात ते, खर्डे सर एका गॅरेजातून आणत. त्या बाटलीच्या तळाशी आता जेमतेम दोन-तीन चमचे उरलं होतं.

तपासणीला नगरहून गंधे साहेब आले. बुटके, पांढरी पँट, खिशाला तीन पेनं. चहाचा एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि परत उचलला नाही. वाबळे सरांनी त्याचा अर्थ मान्यता गेली असा लावला आणि तिथपासून त्यांना घाम फुटला.

वर्ग भरला. टेबलावर बाटल्यांची रांग. प्रत्येक बाटली गळ्यापर्यंत भरलेली, बाहेरून पुसून लख्ख. खर्डे सरांना आत शिरल्या शिरल्या काहीतरी वेगळं जाणवलं, पण काय ते कळेना. माणसाला धाकधूक असली की डोळे उघडे असूनही दिसत नाही.

"मुलांना प्रश्न मी घालतो," गंधे साहेब म्हणाले. "ही मुलगी. कॅल्शियम क्लोराइड आणि सिल्व्हर नायट्रेट."

लंकाबाईंची लेक चांगुणा उठली. हातातल्या खडूपेक्षा तिचा आवाज बारीक. तिने फळ्यावर लिहिलं, मग थांबली. सर पुढे झाले नाहीत. ती स्वतःशीच बोलली, "क्लोरीन दोन हायेत. मग चांदी बी दोन पाहिजे," आणि दोनचा आकडा दोन्हीकडे घातला. "पांढरा साका पडेल, सर."

सिल्व्हर नायट्रेटची काळी बाटली तेवढी खर्डे सर कुलपाच्या खणात ठेवत. ती त्यांनी काढली.

ओतलं. पांढराशुभ्र साका पडला. वाबळे सरांनी श्वास सोडला, तो मागच्या बाकापर्यंत ऐकू आला.

"ठीक," गंधे साहेब म्हणाले. त्यांनी रांगेतून स्वतःच्या हाताने एक बाटली उचलली. "हे सोडियम नायट्रेट. याच्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं तर?"

"काहीच न्हाई होनार," चांगुणा म्हणाली. "दोन्हीकडं नायट्रेटच हाय. अदलाबदल केली तरी तेच."

खर्डे सरांना इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर यायला नको म्हणून ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. साका पडेल हे कुणीही सांगतं. पडणार नाही हे सांगायला समज लागते. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, क्रिया नाही. मग नळीत थोडं सोडियम नायट्रेट घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले.

नळी दुधासारखी पांढरी झाली.

चांगुणा फळ्याकडे बघायची, नळीकडे बघायची, परत फळ्याकडे. तिचा खालचा ओठ आत गेला.

"खर्डे," गंधे साहेब हळू म्हणाले, "फळा खोटा की बाटली खोटी?"

वाबळे सर खर्डे सरांच्या मागे येऊन कानाशी लागले. "पुसा फळा. म्हणा, पोरगी चुकली, आपण तेच दाखवणार होतो."

"फळा बरोबर आहे," खर्डे सर म्हणाले.

"अहो, नळीत काय ते दिसतंय सगळ्यांना."

"दिसतंय. फळा तरी बरोबरच आहे."

गंधे साहेबांनी हे ऐकलं. "तुमच्या वर्गात भाकीत चुकलं की काय करतात?"

बाकांवरून तीन-चार आवाज एकदम आले, "नळ्या धुवायच्या." पोरं प्रामाणिक होती, आणि पोरांचा प्रामाणिकपणा नेमका नको तेव्हा उफाळून येतो.

"मग धुवा," साहेब म्हणाले.

खर्डे सरांनी बादली ओढली. उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटचे थेंब एका कोरड्या नळीत तसेच राहिले होते, ती त्यांनी आधी हातात घेतली आणि बादलीतलं पाणी आत ओतलं.

पाणी पांढरं झालं.

त्यांनी दुसऱ्यांदा ओतलं. परत पांढरं. मग ते बादलीकडे, मग टेबलावरच्या गळ्यापर्यंत भरलेल्या बाटल्यांकडे बघत राहिले. काल दुपारी याच बाटल्या निम्म्याच होत्या.

"छबूबाई," त्यांनी दाराकडे हाक मारली.

छबूबाई शाळेत झाडलोट करायच्या. पदर खोचून त्या आत आल्या.

"बाटल्या कुणी भरल्या?"

"म्या भरल्या, मास्तर. वाबळे सर म्हनले, सायबापुढं काय बी निम्मं दिसू देऊ नगंस." छबूबाईंना यात विचारण्यासारखं काय ते कळेना. "पाव्हना आला तर आपन तांब्या काठोकाठ भरून देतो. मग ह्या बाटल्या निम्म्या ठिवायच्या? बरं दिसतं का ते?"

"पाणी कुठलं?"

"आपल्या हिरीचं. दुहेरी फडक्यातनं गाळून घातलं," त्या म्हणाल्या, आणि उत्तरासाठी सगळ्यांकडे बघू लागल्या. कुणाला तरी आपलं कौतुक करावंसं वाटेल, अशी त्यांना आशा होती.

वाबळे सरांना खोकल्याची मोठी उबळ आली.

"विहिरीचं पाणी खारट आहे, साहेब," खर्डे सर म्हणाले. "त्यात क्लोराइड आहे. चांदी त्याला भेटली की साका पडणारच. नायट्रेटनं काही केलेलं नाही."

"हे तुम्ही सांगताय. मला दिसलं पाहिजे." गंधे साहेबांनी खिशातलं पेन काढलं. "आणि हे काम कुणाचं, तेही लिहावं लागेल मला."

वाबळे सर छबूबाईंकडे बघू लागले. छबूबाईंचा उत्साह हळूहळू उतरला. खोचलेला पदर त्यांनी सोडला.

"माझं नाव लिहा," खर्डे सर म्हणाले. "बाटल्यांना पाणी लावायचं नाही, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं."

मग त्यांनी कमरेची किल्ली काढून खण उघडला. बॅटरीच्या पाण्याची बाटली वर काढली, उजेडात धरली. तळाशी होतं तेवढंच. एका नळीपुरतं. सोडियम नायट्रेटचा डबाही त्यांनी काढला. डबा नगरच्या बाजारातला, स्वस्तातला. दाण्यांत मिठाचा कण जरी मिसळलेला असला, तरी साका पडणार होता. सरांना ते पुरतं माहीत होतं, वर्गाला माहीत नव्हतं. तेवढं तरी बरं होतं.

चिमूटभर दाणे त्यांनी धुतलेल्या नळीत टाकायला घेतले आणि थांबले. धुतलेली नळी म्हणजे विहिरीच्या पाण्याने धुतलेली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि खणातून नवी, कागदात गुंडाळलेली नळी काढली. वाबळे सरांच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला, जणू त्यालाही पुढचं बघायचं होतं.

दाणे विरघळले. सिल्व्हर नायट्रेटची बाटली तिरपी झाली. एक थेंब. मग आणखी एक. खर्डे सरांनी नळी फळ्यासमोर धरली.

नळीतून "क्रिया नाही" ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

चांगुणाने इतका वेळ धरलेला खडू खाली ठेवला.

गंधे साहेब कपाटाकडे वळले. "कपाटात आणखी बाटल्या आहेत?"

"आहेत," छबूबाई पडल्या आवाजात म्हणाल्या. "त्या बी भरल्या."

"कपाट उघडू नका. आधी सांगा, कुठली द्रावणं गढूळ असतील, कुठली नाही. मुलांनी सांगायचं."

पोरांना हा खेळ ठाऊक होता. मागच्या बाकावरचा गोरक्ष म्हणाला, सोडियमच्या सगळ्या बाटल्या स्वच्छ दिसतील, पोटॅशियमच्याही. "दिसायला नितळ, पन आतून खोट्या." चांगुणा म्हणाली, "आमच्या घरी पातेल्याला त्या पान्याचं पांढरं पुट चढतं. म्हंजे कार्बोनेटवालं पानी. लेड नायट्रेट गढूळ असनार."

"आणि बेरियम क्लोराइड?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. साहेब खर्डे सरांकडे वळले.

"ते मला सांगता येणार नाही," सर म्हणाले. "पाण्यात सल्फेट किती आहे, माहीत नाही. गढूळ निघालं तर आहे म्हणायचं."

वाबळे सरांनी डोळे मिटले. तपासणीच्या दिवशी माहीत नाही म्हणणारा शिक्षक त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

कपाट उघडलं. सोडियम, पोटॅशियम नितळ. लेड नायट्रेट ताकासारखं, खाली पांढरा थर. बेरियमची बाटलीही धुरकट.

"सल्फेटही आहे," गंधे साहेब म्हणाले. "झकास विहीर आहे तुमची."

मग ते टेबलाशी बसले आणि लिहू लागले. बराच वेळ लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद वाबळे सरांकडे न देता खर्डे सरांकडे सरकवला.

"मान्यता दिली आहे. अट एकच. ही सगळी द्रावणं माझ्यासमोर ओतून टाकायची. एकही बाटली ठेवायची नाही."

वाबळे सरांना आनंद आणि दुःख एकदम झालं, आणि त्यांचा चेहरा या दोहोंपैकी कुणाला जागा द्यावी या विचारात राहिला. वर्षभराची रसायनं होती ती.

मागच्या आवारात चुन्याच्या खड्ड्याशी बाटल्या नेल्या. खर्डे सर एकेक ओतत गेले. लेड नायट्रेट, बेरियम क्लोराइड, मोरचूद. मोरचुदाचा निळा ओघळ चुन्यात मुरताना त्यांनी मान वळवली. छबूबाई रिकाम्या बाटल्या पदराने पुसून रांगेत लावत होत्या. शेवटची बाटली रिकामी झाल्यावर गंधे साहेबांनी चांगुणाला तिचं पूर्ण नाव विचारलं, ते नीट उच्चारून पाहिलं आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

धूळ खाली बसल्यावर वाबळे सर म्हणाले, "मान्यता मिळाली, खर्डे. पण आता सोमवारी शिकवणार काय? थेंबभर द्रावण न्हाई, अन् शुद्ध पाणी बी न्हाई."

"समीकरणं," खर्डे सर म्हणाले. "त्याला पाणी लागत नाही."

वाबळे सरांनी यावर थोडा विचार केला, आणि ऑफिसात खडूचे डबे किती उरलेत ते बघायला गेले.