मोठ्या कडीची रायफल

थर्लो बील लागोपाठ सहाव्या दिवशी दुकानात आला, तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं की आज काय ते ठरव, नाहीतर उद्यापासून दुकान झाडायला ये. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिन्ही रायफली पुन्हा काउंटरवर मांडायला लावल्या. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या आमच्या टोकाला खिळे, रंग, पाव आणि काडतुसं एकाच दुकानात मिळतात, आणि ते दुकान माझं. गिऱ्हाइकाचे नखरे मला नवे नाहीत. पण थर्लो नखरेल नव्हता. जन्मभर लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावणारा माणूस. दोन शब्दांत काम व्हायचं असेल तर तिसरा बोलायचा नाही.

तिन्ही रायफली एकाच घराण्यातल्या, खालची लिव्हर ओढून काडतूस भरायच्या. पहिलीचा दस्ता सरळ आणि लिव्हरची कडी लहान, अगदी त्याच्या जुन्या रायफलीसारखी. दुसरीची नळी लांब, वर दुर्बीण बसवायची सोय. तिसरी आखूड, हलकी, दस्त्याला मागे रबर, आणि कडी एवढी मोठी की मूठ आरपार जाईल. असली कडी सिनेमातल्या घोडेस्वारांना शोभते म्हणून याच थर्लोनं गावातल्या निम्म्या पोरांची टर उडवली होती. आणि आता बाबाजी रोज तीच उचलून बघत होते.

मला वाटलं, गेल्या वर्षीची गोष्ट याच्या मनाला लागली. आमच्याकडे हरणावरचा नेम चुकला की शर्टाची मागची शेपटी कापतात आणि नाव लिहून माझ्या भिंतीवर ठोकतात. कात्री माझी, मान माझा. थर्लोनं पन्नास वर्षांत एकदाही शर्ट दिला नव्हता. गेल्या नोव्हेंबरात तो आपणहून आला, पाठ फिरवून उभा राहिला आणि म्हणाला, "काप, रोवेना." निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. त्यावरून मी त्याला वर्षभर छळलं. त्याची बायको आयडेला, माझी शाळेतली बाकसोबतीण, पाव घ्यायला आली की त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहायची. नवऱ्याची फजिती हिला बघवत नाही, असं मी धरून चालले होते.

लग्न झाल्यापासून दोघं जोडीनं शिकारीला जायची. दलदलीच्या काठी तोच एक ओंडका, बाटलीत चहा, पिशवीत डोनट. यंदा मात्र आयडेलानं जाहीर केलं होतं की ती येणार नाही, घरी सफरचंदं सोलत बसेल. शिकारीचा परवाना तेवढा तिनं काढला होता. तो मीच लिहून दिला होता.

तर त्या सहाव्या दिवशी थर्लोनं खिशातून लोकरीचे हातमोजे काढले. एकावर एक असे दोन जोड चढवले आणि पहिल्या रायफलीच्या कडीत बोटं घालायला लागला. जाईनात. दुसरीतही अडकली. तिसरीची लिव्हर सटकन उघडली, मिटली. दुकानात शेगडी पेटलेली, आणि हा घामाघूम होऊन तेच करतोय. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मेल्या, वेड लागलंय का तुला?

त्यानं मोज्यातला हात माझ्यापुढे धरला. "आयडेलाची बोटं आता एवढी झालीत," तो म्हणाला. "सकाळी तर कपाचा कानही धरवत नाही."

मग त्यानं बेत सांगितला. रायफल स्वतःसाठी म्हणून घ्यायची. चहाची बाटली कोण उचलणार म्हणून तिला ओढून न्यायचं. ओंडक्यावर बसलं की खांदा दुखतो म्हणायचं आणि तिच्याशी बंदुकांची अदलाबदल करायची. गाव हसलं तर हसू दे. "तू तिला काही बोलू नकोस. तिच्याशिवाय मी तिथे एकटा बसून काय करू?"

हंगामाच्या पहिल्या शनिवारी दुपारी त्यांची गाडी दारात लागली. मागे हरीण, त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर शिकारी म्हणून आयडेलाचं नाव. मी शिकारीची नोंद करायला वही उघडली, तर ती म्हणाली, आधी कात्री दे. मी हसले, म्हटलं बये, हरीण पडल्यावर कात्री कशाला? तिनं विजारीतून आपला लाल शर्ट ओढून बाहेर काढला. कात्रीच्या कड्यांत बोटं घालून बघितली. जाईनात.

"तूच काप," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा नेम माझा चुकला होता. दुसरी गोळी भरायला बोटंच कडीत शिरेनात. आणि हा गाढव तुझ्यापुढे येऊन पाठ करून उभा राहिला. मलाही वर्षभर खरं सांगायचा धीर झाला नाही."

मी थर्लोकडे बघितलं. तो खिळ्यांच्या फळीपाशी पाठमोरा उभा राहून खोक्यांवरचे आकडे वाचत होता. वर्षभर मी या माणसाला काय काय बोलले ते सगळं आठवलं. कापताना कात्री वाकडी गेली.

लाल तुकडा मी तिच्या नावानं ठोकला. थर्लोचा निळा तिनं भिंतीवरून काढून घडी घालून खिशात ठेवला. त्याचा शर्ट अजून चांगला आहे, म्हणाली, घरी जाऊन जोडते. आणि मग आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"सुई मी ओवून देईन," खिळ्यांच्या फळीपासून थर्लो म्हणाला.