रिकामं न झालेलं वसतिगृह

त्या दुपारी मी कामरेजजवळच्या एका वखारीत जुनी सागवानी दारं बघत होते. फोन वाजला. वसतिगृहाचा वॉचमन होता. "बेन, रेक्टर मॅडम ऑफ थई गया." नांदेडहून सुरतेत येऊन मला इतकी वर्षं झाली, माणूस गेलं की इथं असंच म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही मी विचारलं, "काय ऑफ झालं? पंप?" आंघोळीचं पाणी गाळून पुन्हा वापरायचा नवा पंप त्याच दिवशी सुरू व्हायचा होता. पलीकडे तो रडायला लागला, आणि मी हातातलं दार तसंच धरून उभी राहिले...

सकाळीच तर रेक्टर मॅडमशी, आमच्या शैलाताईंशी, बोलणं झालं होतं. "लवकर ये गं, वरण-बट्टी केलीय. गार झाली तर मला बोल लावू नको." दुपारी मुलींबरोबर मेसमध्ये जेवायला बसल्या, बोलता बोलता मान खाली गेली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. एवढंच. महिना उलटून गेला, पण हे 'एवढंच' काही गळ्याखाली उतरत नाही.

विद्यापीठाच्या या मुलींच्या वसतिगृहाच्या नूतनीकरणाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आमची ओळख झाली. इमारत न पाडता सांगाडा तसाच ठेवायचा, गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून खोल्या गार करायच्या, खिडक्यांना जाळ्या, पावसाचं पाणी टाकीत, असा माझा आराखडा. विद्यापीठाच्या बैठकीत सगळ्यांना पसंत पडला. फक्त काम संपेपर्यंत वसतिगृह रिकामं करायचं ठरत होतं. रेक्टर म्हणून शैलाताई त्या बैठकीला होत्या. एकदम घरच्या अहिराणीत म्हणाल्या, "आन् पोरी कथा जातीन?" कुठे जातील? मुली लांबच्या गावांतून आलेल्या. नंदुरबार, नवापूर, शहादा... बाहेर खोली घेऊन राहणं परवडणारी एखादीच. मग मी आराखडा पुन्हा मांडला. एकेक बाजू घ्यायची, मुली दुसऱ्या बाजूला सरकवायच्या.

ऐकायला सोपं वाटतं, पण ते दिवस फार वाईट गेले. एकेका खोलीत दुप्पट मुली, दिवसभर ड्रिलचा आवाज, कपड्यांवर धूळ, परीक्षा तोंडावर. मुली चिडल्या, पालक फोन करू लागले. शहाद्याचे एक गृहस्थ तर मुलीला न्यायलाच आले. तिची ट्रंक बाहेर आणून ठेवली होती. मी तिथंच होते.

"बाई, इथं माणूस राहील का? घरी नेतो. काम झालं की आणून सोडतो."

"तात्या, खरं सांगा," शैलाताई म्हणाल्या, "एकदा नेली की परत आणाल?"

 त्यांच्या घरात स्थळाची बोलणी चालली होती, हे मुलीनं आधीच शैलाताईंना सांगितलं होतं.

"माझ्या क्वार्टरमध्ये ठेवते तिला. तिकडे आवाज नाही. माझ्या भरवशावर ठेवा."

तात्या एकटेच परत गेले. ती मुलगी त्या वर्षी पास झाली. अर्ध्यावर शिक्षण सोडून एकही मुलगी घरी गेली नाही. शैलाताई गेल्या त्या दिवशी शेवटची बाजू तेवढी रंगायची राहिली होती.

डिंडोलीला त्यांच्या भावाच्या घरून त्यांना नेलं. मुलींनी गल्ली भरली होती. मला रडू आलं नाही. ताई आत्ता उठून "तू जेवलीस का?" विचारतील, असंच वाटत राहिलं... अजूनही वाटतं.

गेल्या आठवड्यात तात्या मुलीला घेऊन आले. त्यांना उशिरा कळलं होतं. "बाई राहायच्या ती जागा बघू द्या," म्हणाले. मुलगी क्वार्टरकडे वळली नाही. तिनं त्यांना ऑफिसमध्ये नेलं. फायलींच्या दोन कपाटांमागे एक घडीची खाट, उशाशी टेबलफॅन, खिळ्याला अडकवलेली सुती साडी. कामाच्या दिवसांत क्वार्टरमध्ये ही मुलगी एकटी नव्हती, शेवटच्या वर्षाच्या सगळ्याच मुली होत्या. काम सुरू झाल्यापासून शैलाताई इथंच झोपत. ऑफिस आवरायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही, तशी खाटही कुणी उचललेली नाही.

"मला बोलल्या नाहीत..." तात्या म्हणाले.  मग मागे फिरले. मला वाटलं निघाले. पण त्यांनी दाराबाहेर जाऊन चपला काढल्या आणि पुन्हा आत आले.