तिबिरियाच्या रिबकाआजी

शिरोळहून लग्न करून मी कोल्हापुरात आले, तेव्हा शेजारच्या रिबकाआजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?" मी सांगितलं आणि रीत म्हणून त्यांनाही विचारलं. "तिबिरिया," त्या म्हणाल्या. "तुझ्या शिरोळच्या जरा पल्याड हाय." मला वाटलं, कर्नाटकातलं एखादं खेडं असेल. ते अरबी समुद्राच्याही पलीकडे, गालीलच्या सरोवराकाठी आहे हे कळायला महिना गेला.

आजी ज्यू. इस्राएल देश व्हायच्या आधी, तिथे इंग्रजांचा अंमल असताना जन्मलेल्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. वडील मासेमारीची जाळी विकत. प्रार्थना हिब्रूत, पण बाजारहाट आणि भांडण अरबीत. समोरच्या घरात मुसलमान कुटुंब राहायचं. आजींच्या आईला बाळंतपणात ताप चढला, तेव्हा समोरच्या बाईने आपल्या तान्ह्या जैनबबरोबर यांनाही अंगावर पाजलं. "दूधबहीण हाय माझी," आजी सांगायच्या. 'होती' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

महायुद्धात कोल्हापूरच्या एका बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरातले एलायजा लष्करी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून तिकडे गेले आणि रिबकाशी लग्न करून परतले. मराठी ती भाजीवाल्यांकडून शिकली, त्यामुळे बोलणं आमच्यापेक्षा ठसक्याचं. शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विसाव्याच्या दिवशी, आजी चूल पेटवत नसत आणि कुणाशी भांडतही नसत. रविवारी दोन्हींची भरपाई करत.

आजींना इथे येऊन तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा भावाचं पत्र आलं. गावात लढाई झाली होती. समोरची सगळी वस्ती ट्रकांत बसून निघून गेली होती, जैनबचं घरही. आता आपलं राज्य झालंय, तुम्ही दोघं या, असं त्याने लिहिलं होतं. जैनब कुठे गेली ते आधी कळव, असं आजींनी उलट कळवलं. पुढे भाऊ घरच्या लग्नांबद्दल, नव्या रस्त्यांबद्दल, सगळ्याबद्दल लिहीत राहिला. या एका प्रश्नाला त्याने कधी उत्तर दिलं नाही.

मुलगा दानियल मोठा होऊन तिकडेच गेला. एलायजा वारल्यावर आईला घेऊन जायचं त्याने मनावर घेतलं. अखेर आजी तयार झाल्या आणि पासपोर्टचा फॉर्म भरायला मी त्यांच्याबरोबर गेले. जन्माचा देश या रकान्याशी फॉर्म भरून देणारा थांबला. तेव्हाचा लिहू की आताचा, असं त्याने विचारलं.

"पावणं, आताचं नाव माझ्याच लोकांचं हाय," आजी म्हणाल्या. "तरी त्वांडातनं निघंना झालंय. ऱ्हाऊ दे."

कोरा रकाना असलेला तो कागद घेऊन आम्ही रिक्षाने परतलो. वाटेत त्या हळू आवाजात बोलल्या, "आमच्या उंबऱ्यात बसलं की समोरचं दार दिसायचं. ते दारच न्हाई, तर मी तिथं बसून बघू काय?" दानियल त्या दिवशी फोनवर खूप चिडला आणि मग रडला. त्यांनी त्याला समजावलं नाही. फक्त फोन ठेवला नाही.

नव्वदी ओलांडल्यावर, महापुराने रस्ते बंद झाले होते त्या आठवड्यात, आजी झोपेतच गेल्या. पुण्याहून त्यांच्या समाजाचे लोक येऊ शकत नव्हते, दानियल तर नाहीच. त्यांच्यात दफन मात्र लांबवून चालत नाही. गल्लीतल्या माणसांनी पावसात एलायजांच्या कबरीशेजारी खड्डा खणला. मी दानियलला फोन लावून, स्पीकर चालू ठेवून कडेला उभी होते. प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, असं दानियल म्हणाला. इथे एकही नव्हता. खड्डा खणणाऱ्यांतल्या महबूबचाचांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "आमी चौदा जण हाय बघ. चालंल काय?"

पलीकडून दानियल म्हणाला, "मी थांबलो की आमेन म्हणा."

तो म्हणू लागला. शब्द कुणालाच कळत नव्हते. तो थांबला की सगळे आमेन म्हणत. कुणी आमीन म्हणत. तिसऱ्या वेळेनंतर रेंज गेली. मी पुन्हापुन्हा फोन लावला, लागला नाही. प्रार्थना पुरी झाली की अर्धी राहिली, कुणालाच सांगता येईना. पाऊस वाढला. तरी चौदा जण तसेच, तो पुन्हा थांबेल म्हणून कान देऊन उभे राहिले.