आडव्या भाताचा फोटो

परमेश्वराने सृष्टी घडवली खरी, पण रंग भरताना त्याचा हात जरा आखडला, अशी आमच्या थोरल्या साडूंची पक्की समजूत आहे. ते उरलेलं काम साडूभाऊ महाडला आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर विनावेतन पुरं करतात. पाऊस सरला, शेतं पिवळी पडायला लागली की त्यांच्या अंगात येतं. नवरात्रात लोकांच्या घरी घट बसतात, ह्यांच्या घरी ट्रायपॉड उभा राहतो. मग दिवाळीपर्यंत पोलादपूरच्या खोऱ्यातलं एकही शेत, एकही डोंगर आणि एकही नातेवाईक त्यांच्या तडाख्यातून सुटत नाही.

हे गृहस्थ जन्मभर वीज खात्यात होते. तालुक्यातले निम्मे खांब त्यांच्याच देखरेखीखाली उभे राहिले. आता निवृत्त झाल्यावर त्यांच्या प्रत्येक फोटोत नेमका एक खांब येतो आणि "कुठल्या गाढवाने हा इथे रोवला?" असं ते मलाच विचारतात. दोघांची सासुरवाडी एकच, त्यामुळे तक्रार न्यायची तरी कुणाकडे?

रंगांच्या बाबतीत त्यांचा हात भलताच सढळ. भाताचं शेत हळद लागलेल्या नवरदेवासारखं दिसेपर्यंत त्यांना चैन पडत नाही, आणि सावित्री नदीचं पाणी तर असं निळं करतात की बाजारातली सगळी नीळ ह्यांनीच ओतली असावी. एकदा सवच्या गरम झऱ्यांवर पहाटे जाऊन त्यांनी वाफेचा फोटो काढला आणि त्या वाफेला असा काही जांभळा रंग चढवला की आमच्या मावशींनी घरच्या ग्रुपवर काळजीने विचारलं, "ही कंच्या कंपनीतली गळती हाय रे?" केमिकल कारखान्यांशेजारी राहणाऱ्या महाडच्या माणसाला जांभळी वाफ दिसल्यावर दुसरं काय सुचणार म्हणा. साडूभाऊंनी मावशींशी बरेच दिवस अबोला धरला. "रंग उठावदार असावा, भडक नसावा," हे वाक्य मात्र ते आल्यागेल्याला ऐकवतात, अगदी तेराव्याच्या पंगतीतसुद्धा.

ह्याहून मोठं खूळ म्हणजे रचना. फोटोतली महत्त्वाची गोष्ट मधोमध ठेवायची नाही, एका अंगाला ठेवायची, हा नियम त्यांनी कुठेतरी वाचला आणि कुळाचारासारखा पाळायला घेतला. माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही हौसेने त्यांना फोटो काढायला सांगितलं. आता आमच्या अल्बममध्ये नवरानवरी कोपऱ्यात आहेत आणि मधोमध मंडपाचं कापड. विचारलं तर म्हणाले, "नजरेला वावरायला जागा नको का?" तो अल्बम बघून आमच्या विहीणबाईंनी, तुमच्याकडून लग्नाला कुणी आलंच नव्हतं का, अशी गोड चौकशी केली. शिवथरला निघालो की दर वळणावर गाडी थांबते आणि डबे गार होतात. एकदा तर गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका म्हातारीला त्यांनी पुन्हा मागून चालत यायला लावलं, कारण ती म्हणे चौकटीत घाईने शिरली. तिने भारा खाली टाकला आणि म्हणाली, "आता तू घे डोक्यावर नि चाल. मी काढते फोटू." त्यावर साडूभाऊंनी तिच्या चेहऱ्यावर पडलेल्या उन्हाची तारीफ केली. अशा माणसावर रागावणार तरी किती?

तर अशा ह्या कलावंताला गेल्या दिवाळीच्या तोंडावर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून कॅमेऱ्यासकट बोलावलं. बोलावणारा आमचा मेव्हणा. त्याची पोलादपूरजवळ कापड्याला शेती आहे. भात कापून शेतात वाळायला पसरलेलं, आणि त्यावर परतीचा पाऊस सलग कोसळला. वर्षाचं खाणं, पुढचं बियाणं, गुरांचा पेंढा, सगळं पाण्यात. तलाठ्यांकडे अर्ज एवढे आले होते की त्यांनी निरोप धाडला, आधी फोटो पाठवा, नुकसान दिसलं तर पंचनाम्याला येतो. मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, माझ्या मोबाइलमधी पाणी शिरलंय, समदं धुरकट येतंय. तुमी मोठा कॅमेरा घेऊन या. आमाला नुकसानीचं मिळालं तर गुरं तरी जगतील."

आम्ही दोघे सकाळीच पोचलो. पाऊस उघडला होता, ढगांतून तिरपं ऊन आलं होतं, शेतातल्या पाण्यात डोंगर उतरला होता आणि त्यावर ओलं, पिवळं भात पसरलेलं. मेव्हणा कुठवर पाणी चढलं होतं ते दाखवत होता. साडूभाऊ मात्र पुटपुटले, "काय प्रकाश आहे हो." मग ते चिखलात लोळले, बांधावर चढले, बांधलेल्या थोड्या पेंढ्यांवरचं निळं प्लास्टिक त्यांनी मेव्हण्याकडून हलवून घेतलं, आणि घरी येऊन नेहमीप्रमाणे रंग चढवून फोटो तलाठ्यांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो तलाठ्यांच्या स्टेटसवर झळकला. वर लिहिलं होतं, 'आपला निसर्गरम्य तालुका'. साडूभाऊ जेवताजेवता मला तो अभिमानाने दाखवतच होते, तेवढ्यात त्यांना मेव्हण्याचा फोन आला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं म्हणाला, "दाजी, सायेब बोलले, पीक तर झकास हाय. ह्यात नुकसान कुठं हाय? आता काय करू?"

साडूभाऊंचा चेहरा खर्रकन उतरला. ताटावरून उठून त्यांनी पिशवी उचलली आणि आम्ही भर दुपारी कापड्याला पोचलो. डोक्यावर ऊन असताना कॅमेऱ्याला हात न लावणारा हा माणूस शेताच्या कडेला नुसता उभा राहिला. वाईट फोटो काढायचा कसा, हे त्यांना खरंच येत नव्हतं. सवयीने डोंगर एका अंगाला घेतला, मग स्वतःशीच वैतागून पुन्हा सोडला. समोरची एक पेंढी मध्ये येत होती, ती बाजूला करायला ते वाकले. पेंढी हलेना. त्यांनी जोर लावून ओढली तेव्हा चिखलासकट वर आली, कारण लोंब्यांना मोड येऊन त्यांनी जमिनीत मुळं धरली होती. दाण्यादाण्यातून हिरवे कोंब निघाले होते.

त्यांनी पेंढीच्या मुळांवरचा चिखल झटकला. मग मेव्हण्याला म्हणाले, "ही धर. अशी, छातीशी. आणि तिथेच उभा राहा, मधोमध." मेव्हण्यामागे निळं प्लास्टिक होतं, त्यामागे खांब होता. त्यांनी काहीच हलवलं नाही. एकच फोटो काढला आणि शेतातूनच, जसा होता तसा, कॅमेऱ्यातून आपल्या मोबाइलवर घेऊन तलाठ्यांना पाठवून दिला.

दोन दिवसांत तलाठी आले, पंचनामा झाला. भरपाई मिळेल असं सांगून गेले. मेव्हण्याने मला फोन करून सांगितलं आणि वर म्हणाला, "थोरल्या दाजींना बोला, बेस काम झालं." मी निरोप द्यायला साडूभाऊंकडे गेलो. ते कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि पडद्यावर मेव्हणा पेंढी धरून उभा होता. मी निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली, पण नजर पडद्यावरून काढली नाही. मग त्यांनी त्या कोंबांवर बोट ठेवलं. खरं सांगतो, इतका सुंदर हिरवा रंग मी त्यांच्या कुठल्याच फोटोत पाहिला नव्हता.

"हा मी केलेला नाही हो," ते म्हणाले. "असाच होता."