पोट दुखतं म्हणून सांगितलं

आमच्या झाई गावातून जहाजावर खलाशी म्हणून परदेशी गेलेले पुष्कळ आहेत. भाषा शिकायला गेलेली मात्र एकटी उन्नती. ती माझ्या थोरल्या जावेची, हंसावहिनीची मुलगी. आमची दोन्ही घरं एकाच अंगणात, त्यामुळे तिचं रडणं-हसणं माझ्या ओट्यावर बसून ऐकू येतं.

डहाणूला कॉलेज करून ती उंबरगावकडच्या एका कंपनीत ऑफिसात लागली. ही कंपनी माकुल, म्हणजे स्क्विड, गोठवून स्पेनला पाठवते. तिकडच्या व्यापाऱ्यांचे फोन आले की ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघायचे. उन्नतीने वर्षभर मोबाईलवर स्पॅनिशचा क्लास केला, तेव्हा मालकांनी तिला सहा आठवड्यांसाठी तिकडच्या भाषाशाळेत पाठवलं. उत्तर स्पेनमधलं लहानसं बंदराचं गाव. शाळेची रीत अशी, की विद्यार्थ्याने तिथल्या एखाद्या घरी राहायचं आणि रात्री त्या माणसांबरोबर जेवायचं, म्हणजे भाषा आपोआप तोंडात बसते.

उन्नतीला घर मिळालं पिलारबाईंचं. साठी उलटलेली विधवा बाई. नवऱ्याची बोट होती, हिने स्वतः मासे डब्यात भरायच्या कारखान्यात जन्म काढलेला. "आपल्यासारखीच आहे गो आई," उन्नतीने पोचल्या दिवशी फोनवर सांगितलं, आणि वहिनी निवांत झाली.

पण गेली ती जुलैमध्ये, आणि आमच्या घरचा एक नेम आहे. माझे सासरे एकदा वादळात सापडले होते, दोन रात्री परतले नव्हते. तेव्हा सासूबाईंनी दर्याला शब्द दिला, की पावसाळ्यात बोट वर ओढली की नारळी पौर्णिमेला नारळ देईपर्यंत या घरातलं कोणी मासळी खाणार नाही, ओली नाही की सुकी नाही. गावात बाकी सगळे पावसाळाभर सुके बोंबील खातात. शेजारची बारकी दरवर्षी विचारते, "दर्या तुमच्या एकट्याच्या घरचा आहे का गो? आम्हाला पण थोडा ठेवा." आम्ही हसतो आणि वालाची उसळ खातो.

पहिल्याच रात्री पिलारबाईंनी मासे तळून समोर ठेवले. मांदेलीच्या जातीचे, पण बोटाएवढे लांब. उन्नतीला नेम, वादळ, नारळ हे सगळं सांगायला हवं होतं. तिच्याकडे तेवढे शब्द नव्हते. पुस्तकात 'डॉक्टरकडे' असा एक धडा होता आणि त्यातलं वाक्य तिला पाठ होतं. तिने तेच म्हटलं, माझं पोट दुखतं.

झालं. पिलारबाईंनी ताट उचललं आणि मऊ भात केला. दुसऱ्या दिवशीही भात. तिसऱ्या दिवशी हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पोट दाबून बघितलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री पुन्हा मासे आले आणि हिने पुन्हा पोटावर हात ठेवला. मग एकदा ही शाळेजवळच्या हॉटेलात अंड्याचं आणि बटाट्याचं ऑम्लेट खात बसली होती, चांगली भूक लागलेल्या माणसासारखी. तेवढ्यात पिलारबाई बाजारातून येताना काचेतून बघून गेल्या.

त्यांनी थेट शाळेत कळवलं. शुक्रवारी शाळेतल्या बाईंनी उन्नतीला बोलावलं आणि सांगितलं, "पिलारला वाटतं तुला तिचं घर आवडत नाही. तू तिच्याशी बोलतही नाहीस. सोमवारी तुला दुसऱ्या घरी पाठवू. तिथे इंग्रजी बोलणारी मुलं आहेत, तुला बरं पडेल."

शनिवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा वहिनी आणि मी वाल सोलत होतो. नारूदादा, म्हणजे उन्नतीचे वडील, पडवीत जाळं विणत होते. उन्नती रडत नव्हती, पण आवाज खाली गेला होता.

"तिथे गेले तर महिनाभर इंग्रजीच बोलेन, आई. परत येऊन ऑफिसात काय तोंड दाखवू? आणि ही बाई वाईट नाही गो. माझंच चुकलं."

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मासा खा तू. दर्याची माफी मी मागते."

"मला खायचा नाहीये. मला सांगायचं आहे. सांगता येत नाही."

"मग तिकडे काय शिकायला गेलीस? बाईला बोलव. मी बोलते."

"तू काय बोलणार? तुला स्पॅनिश कुठे येतं?"

"उंबरगावच्या गुजराती बाजारात कोणाला मराठी येतं? तरी मासळीची पाटी रिकामी होते ना माझी? बोलव."

व्हिडिओवर पिलारबाई दिसल्या. पांढरे आखूड केस, अंगावर स्वयंपाकाचा एप्रन, तोंड बंद. वहिनीने पदर सारखा केला, हात जोडले आणि सरळ मराठीत सुरू केलं. माझे सासरे, वादळ, शब्द, सगळं. मध्ये थांबून म्हणायची, "सांग तिला." उन्नती अडखळत सांगायची. आम्हाला स्पॅनिश कळत नव्हतं, पण ती कुठे अडते ते कळत होतं. वादळाशी अडली तेव्हा तिने हाताने लाटा केल्या. मी फोन घेऊन अंगणाच्या मागे ताडपत्रीखाली ठेवलेली बोट दाखवली. नारूदादा जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "नीट दाखव गो, तळ दिसू दे. बोटवाल्याची बायको आहे ती."

पिलारबाईंनी बोट निरखून बघितली. मग काहीतरी बोलल्या.

"काय म्हणते?" वहिनीने विचारलं.

"म्हणते, मासा नको तर नको. कोणी दूध पीत नाही, कोणी अंडं खात नाही, तिच्याकडे सगळ्या तऱ्हेची मुलं येतात. पण..."

"पण काय?"

"म्हणते, मी आजारी म्हणून तिने रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी मेणबत्ती लावली. आणि मी आजारी नव्हतेच. म्हणते, तिच्या तोंडून मी देवासमोर खोटं वदवलं."

वहिनीचे हात वालाच्या सुपात तसेच राहिले. "हे तू सांगितलं नव्हतंस."

"मला आत्ताच कळलं."

"मग मी आता काही बोलत नाही. तू बोल. माझ्याकडे बघू नको, तिच्याकडे बघ."

उन्नतीने मोबाईल टेबलावर कशाला तरी टेकून ठेवला. आम्हाला तिची पाठ दिसत होती आणि समोर पिलारबाईंचं तोंड. ती बोलायला लागली. थांबत थांबत बोलली, पण थांबून पुन्हा बोलली. एकदा पिलारबाईंनी तिचा शब्द सुधारला. तिने तो नीट म्हटला आणि पुढे गेली. काय बोलली ते तिने आम्हाला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "मला तेवढंच वाक्य येत होतं. खरं सांगायला जास्त शब्द लागत होते. तुम्ही उलट काही विचाराल आणि मला कळणार नाही, याची भीती वाटली. तुमच्या देवाची आणि तुमची मी माफी मागते."

पिलारबाई उठून आत गेल्या. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मीही मनात देवाचं नाव घेतलं, दुसरं हातात काय होतं?

त्या परत आल्या तेव्हा हातात मसुराची बरणी होती. ती त्यांनी उन्नतीसमोर टेबलावर ठेवली आणि खडसावल्यासारखं काहीतरी म्हणाल्या.

"काय गो?"

"म्हणते, मी माझ्या घरात मासे करणार, तुझ्यासाठी बंद करणार नाही. तू तुझं तू शिजव. पण रोज रात्री जेवताना मला सांगायचं, काय केलंस, कसं केलंस, तुझ्या घरी कोण कसं करतं. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही." उन्नतीने डोळे पुसले. "आणि म्हणते, उद्या सकाळी माझ्याबरोबर चर्चला चल. मेणबत्तीचा खुलासा तूच कर."

"जा," वहिनी म्हणाली. "डोकं झाकून जा."

"इथे झाकत नाहीत, आई."

"तू झाक."

सोमवारी शाळेतल्या बाई गाडी घेऊन आल्या, तेव्हा पिलारबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. उन्नती बॅग भरून बसलीच नव्हती. ती मसूर निवडत होती, आणि खडे आले तर स्पॅनिशमध्ये सांगायचं कसं ते विचारत होती.

दोन आठवड्यांनी शाळेतून पुन्हा चौकशी आली, मुलगी आता बोलते का? पिलारबाई म्हणाल्या, "बोलते. जरा कमी बोलायला शिकवा, माझी सिरियल बुडते."