बस थांबवणारी गाइड

बाबांना घेऊन मी अमेरिकेतल्या अर्विंगहून जपानला फिरायला गेले होते. क्योटोहून निघणाऱ्या एका दिवसाच्या बसटूरवर पन्नाशीची एक गाइड होती. प्रत्येक थांब्यावर ती बोटाने माणसं मोजायची. "बस कोणासाठीही थांबणार नाही," असं तिने सकाळीच बजावलं होतं.

समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावात मी एक फोटो काढायला वळले आणि बाबा दिसेनासे झाले. हल्ली ते विसरतात, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बस सुटायची वेळ टळली. लोक घड्याळं बघू लागले. गाइड गल्लीत धावत गेली.

वीस मिनिटांनी ती बाबांचा हात धरून आली. "आपलं घरच सापडेना गं," बाबा म्हणाले.

बसमध्ये ती सगळ्यांपुढे वाकली. "वेळ सांगताना माझी चूक झाली. सॉरी." मी खरं सांगायला उठले, तर तिने हलकेच मला खाली बसवलं.

पुढच्या गावात ती म्हणाली, "यांच्याबरोबर मी चालते. तुम्ही गाव बघा."

भातशेतीतून ते दोघं पुढे गेले. बाबा तिला मराठीत काहीतरी सांगत होते आणि ती मन लावून ऐकत होती.